अकरावा

मी टॉवेल विणत नाही, तपासतही नाही.
मी फक्त तपासणी ठरवतो.
हँबुर्गच्या बाईंना मेल, मुंबईच्या एजन्सीला फोन,
बुधवार जमेल का, नाहीतर गुरुवार,
बोट रविवारी आहे हो, कंटेनरनं शुक्रवारी रात्री तरी
अक्कलकोट रोड सोडायला हवा.
ऐंशी टक्के माल पॅक झाल्याशिवाय इन्स्पेक्टर येत नाहीत.
ऐंशी टक्के झालाय, असं मी लिहितो
तेव्हा तो बासष्ट असतो,
आणि रात्रपाळीला दोन चहा जास्तीचे सांगावे लागतात.

वर्तक सकाळच्या गाडीने आले,
छोटा वजनकाटा तान्ह्या पोरासारखा कडेवर.
पाचशे शहात्तर खोकी. वर्गमूळ चोवीस.
चोवीस त्यांनी स्वतः निवडली:
तळातलं, भिंतीकडचं,
ज्याच्यावर मांजर झोपलं होतं नेमकं ते.
बोद्दूल शेठ म्हणाले, वरची घ्या की साहेब, हाताशी हायत.
साहेबांनी चहा घेतला.
शेंगाचटणीचं पाकीट घेतलं नाही,
फॉर्मवर तशी ओळच असते, माझ्या सहीच्या जरा वर.

मग दोनशे टॉवेल, एकेक, दिव्याखाली.
ओढलेला लूप. तेलाचा ठिपका.
किनारीची शिलाई सुटलेली, दोन बोटं.
निळा, पण मंजूर केलेल्या निळ्याच्या शेजारी ठेवला की
थोडा आजारी दिसणारा निळा.
दहापर्यंत माल जातो.
अकराव्याला थांबतो.
शेठ भिंतीवरच्या मार्कंडेय महामुनींकडे बघत होते,
मी वर्तकांच्या पेन्सिलीकडे.

आठ. नऊ.
पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता.
दीडशेव्या टॉवेलला दहा,
आणि पुढचे पन्नास स्वच्छ!
शेठनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात
हँबुर्गला मेल लिहून टाकला.

वर्तक हात धुऊन आले.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं इथे,
आणि आम्ही विणतो पाणी टिपायची वस्तू.
तपासलेल्या ढिगातला एक टॉवेल मी पुढे केला.
त्यांनी हात पुसले, तो बालामणीकडे टाकला.

बालामणी अठ्ठावीस वर्षं चेकिंगला आहे,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
ती बघत नाही, तळवा फिरवते.
तळवा मध्येच थांबला.
तिने टॉवेल खिडकीकडे धरला:
आडवी, केसाएवढी रेघ, एक तार आलीच नव्हती.
तेलुगूत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत,
कुणालाच उद्देशून नाही असं,
"हा मोजला का?"

शेठ बोलले नाहीत.
मी बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.
वर्तकांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि दहाच्या पुढे आकडा लिहिला.

रात्रभर पाचशे शहात्तर खोकी फोडली गेली.
सगळ्यांत पुढे बालामणी बसली होती,
तिला तिथे कुणी बसवलं ते विचारलं नाही.
मी बोट सोडली, दुसरी धरली,
फेरतपासणीचे पैसे कुणी द्यायचे यावर
हँबुर्गच्या बाईंशी तीन दिवस अतिशय सभ्य भांडलो.
मंगळवारी साडेआठला वर्तक पुन्हा आले.
सात निघाले. माल गेला.

नापास टॉवेल किलोवर विकतात.
माझ्या घरातला प्रत्येक टॉवेल नापास आहे,
लग्नातल्या आहेराचासुद्धा.
त्या दिवशीचा तो मी मागून घेतला.
पाणी चांगलं टिपतो.
गच्चीवर वाळत असला की
दुपारी तीनच्या सुमारास
त्या रेघेतून ऊन येतं,
फरशीवर सरळ, बारीक,
आणि बायको म्हणते, सरका, पाय भाजेल.